बावीस दात्यांचं फ्रीव्हील आणि राजूरचा घाट

राजूरच्या घाटात सायकल हाताने ढकलत नेली तर काय बिघडतं? सगळेच नेतात. मला मात्र ते नको होतं.

बी.ए. होऊन मी बुलढाण्याला परतले होते. घरात पहिलीच पदवी, पण एका जागी बसवत नव्हतं. महाराष्ट्र नवा होता, गावोगाव शाळा निघत होत्या आणि घाटाखाली राजूरला मला नोकरी मिळत होती. बाबांची अट एकच, दिवेलागणीच्या आत घरी. परतीची एसटी शाळा सुटायच्या आधीच निघायची. राहिली सायकल.

बाजारातल्या सायकलवाल्या चाचांना मी मागच्या चाकाचं अठरा दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे साखळी बसते ती दातेरी चकती, काढून बावीसचं बसवायला सांगितलं.

"लोक लहान मागतात, पळणारं. तुले मोठं काऊन पायजे?"

"चढायला."

साखळी अपुरी पडली, तिला दोन कड्या जोडल्या. पायडल हलकं झालं; सपाटीवर मात्र पाय उगाच जास्त फिरायचे.

शुक्रवारी दादाला त्याच्या सायकलवर सोबत घेऊन नव्या फ्रीव्हीलची परीक्षा पाहायला निघाले. तुम्ही जाणार असाल तर उतरण्याआधी ब्रेक तपासा आणि पाणी भरून घ्या. घाटात मिळत नाही. खाली राजूरला मिरचीची गरम भजी खाल्ली. शाळेच्या ओट्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, तुमी खरंच येऊन राह्यल्या का?" मी म्हणाले, "आधी घाट चढून पाहते."

शाळा सुटली तशी आम्ही निघालो. घाटाच्या पायथ्याला एक गाडीवान सरकीच्या गाडीला दुसरी बैलजोडी लावत होता. दादा मधल्या उभ्या चढाला उतरला, मी नाही. बऱ्याच वळणांनंतर मागून तो ओरडला, "थांब वो बाई, ट्रक येऊन राह्यला!" मी कडेने चालवत राहिले. वर एक दुसरी बैलगाडी हळूहळू मागे पडली, तिचा गाडीवान म्हणाला, "ताई, एवढे पाय फिरवून राह्यल्या, अन् सायकल तं बैलासारखीच चालून राह्यली."

"चालून तर राह्यली ना, भाऊ."

एकदाही न उतरता मी माथ्यावर पोचले. मग सपाट रस्ता लागला आणि दादाने मला गाठून मागे टाकलं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

"उतरली नाही कुठं," दादाने आधीच सांगून टाकलं.

"हाव, पण दिवे लागले," बाबा म्हणाले.

चढ सोपा झाला होता, लवकर झाला नव्हता. हिवाळ्यात तर दिवस याहून लहान. ताटावर बसल्यावर मी म्हणाले, "खालीच राहते. शनिवारी वर येत जाईन, उजेडात."

"एकटी?"

"शाळेमागे हेडमास्तरांचं घर आहे. त्यांच्या पडवीची खोली रिकामी आहे."

आईने भाकर वाढली.

दोन्ही पोटऱ्या दोन दिवस दुखत होत्या. घाटातला वारा आणि त्या मुलीचा प्रश्न मनातून जात नव्हता. रविवारी खोली झाडून आले. सोमवारी सकाळी माझी ट्रंक एसटीच्या टपावर बाबांनीच चढवली, आणि मी सायकलवर घाट उतरून शाळेत रुजू झाले.