पसंती कोणाची?

पेंटरच्या दुकानात रंगाचे डबे रिकामे होतात, किस्से मात्र साठतच जातात. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी गुलाबरावनं आणि मी वर्ध्यात बोर्ड रंगवायचं दुकान टाकलं. अक्षरं माझी, चित्रं त्याची. हात दोघांचाही पक्का, हे सांगायला मी आजही लाजत नाही. भीती एकच होती. एक जरी काम नापसंत होऊन परत आलं, तर गावभर बोभाटा, आणि नव्या दुकानाला तो सोसणारा नव्हता.

•

जाम गावचा, हमरस्त्यावरचा हॉटेलवाला "बोर्ड लांबून दिसला पाह्यजे" एवढंच सांगून गेला. मी हातभर अक्षरं काढली. बोर्ड लागल्यावर कळलं, नागपूरकडून येणाऱ्या मोटारींना त्याची कोरी पाठ दिसते!

त्या दिवशी गुलाबरावनं वही आणली. गिऱ्हाइकाचं म्हणणं लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं, सही घ्यायची, मगच ब्रश बुडवायचा.

•

तरी चुका झाल्याच. नालवाडीच्या शिंप्यानं सुटातला साहेब काढायला सांगितला, वहीत सहीही केली. गुलाबरावनं साहेब असा काढला की दुसऱ्याच दिवशी एक कारकून सुटाचं कापड घेऊन हजर. शिंपी धावत आमच्याकडे आला. "मले तं पायजामे-बंड्याच येतेत, भाऊ!"

तो काय शिवतो, हे आम्ही विचारलंच नव्हतं. गुलाबरावनं पँटवर पायजमा रंगवून दिला. कोट तसाच राहिला. त्या वेषात साहेब बरीच वर्षं उभा होता.

•

एका वकीलसाहेबांनी सहीआधी आमच्या वहीतच कलमं वाढवली. सातवं कलम, पेंटरनं काम करताना गाऊ नये. मी म्हटलं, साहेब, मग अक्षरं सरळ येण्याची हमी नाही. त्यांनी विचार केला, कलम खोडलं आणि खोडल्याबद्दल वेगळी सही केली.

•

किराणावाल्याच्या बोर्डाचा रंग आधी त्यानं बदलला, मग भावानं, मग जावयानं. तेव्हापासून वहीत शेवटचा प्रश्न आला: पसंती कोणाची?

•

पवनारचे तीन भाऊ आले. वडील वारलेले, फोटो एकही नाही, आणि चित्र पाहिजे. नाक थोरल्यासारखं, कपाळ मधल्यासारखं. धाकटा म्हणाला, नजर जरबेची काढा. मी गुलाबरावला खुणेनं नको म्हणत होतो. तो लिहीतच गेला. शेवटचा प्रश्न विचारल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मायची." तिघांनी सह्या केल्या.

चित्र घेऊन आम्ही मोटारीनं पवनारला गेलो. थोरल्याला नाक फेंदारलेलं वाटलं, मधल्याला कपाळ अरुंद. धाकट्यानं सरळच सांगितलं, "हे आमचे बाबा नाईत. वापस घेऊन जा."

चित्र परत नेलं की दुकानाचं नाव गेलं. गुलाबरावनं शांतपणे वही उघडून त्यांच्या सह्या दाखवल्या. "मायले दाखवू द्या," एवढंच म्हणाला.

म्हातारी मागच्या अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होती. आम्ही तिच्या पोरांच्या वयाचे, त्यामुळे आम्हाला पाहूनही तिचा पदर खांद्यावरच होता. गुलाबरावनं चित्र तिच्यासमोर धरलं.

तिनं पाहिलं. सूप बाजूला ठेवलं, घाईनं पदर डोक्यावर घेतला, आणि बाजेवरून उठून खाली जमिनीवर बसली.