घोडी जामीन

माझे अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. माहेरी भावाला शिकवायला पंतोजी येत. मी दाराआड बसून ऐकत असे. चार वर्षांत भावाला जेवढे आले तेवढेच मलाही आले, आणि भावाला फार काही आले नाही. बोरू नीट कापता येत नाही, म्हणून शाई फुटते. पण बारगीरबाबांविषयी कुणी लिहिलेले नाही. तुम्ही त्यांना नदीवर पाहिले असेल तर मी सांगते ते तुम्हाला पटेल.

मासे धरताना गळाला हरभरा लावायच्या आधी ते तो आपल्या घोडीच्या ओठांपाशी धरत. घोडी हुंगे. तिने खाल्ला तर त्याच भांड्यातला दुसरा दाणा गळाला लागे. तिने तोंड फिरवले तर सगळे भांडे पाण्यात ओतून देत.

“आधी घोडीला इचारायचं,” ते म्हणत. “तिला आवडलं तर माशाला आवडतं.”

आमची पुण्याच्या कसब्यात कुंभारवेशीजवळ चण्या-फुटाण्यांची भट्टी. मी सून म्हणून आले त्या वर्षापासून बारगीरबाबा गिऱ्हाईक. हरभरा घेत, पण भाजलेला नाही, कच्चा. घरी नेऊन तो भिजवत आणि थोडा आंबू देत. घोडीला ताज्यापेक्षा आंबूस हरभरा आवडे, आणि खरे सांगायचे तर डोहातल्या माशांनाही. आमच्या मामंजींना हे पटत नसे.

“इतका चांगला माल घेऊन तो नासवायचा,” मामंजी म्हणत. “मग आमच्याकडे कशाला येता? नासका आम्ही वेगळा काढून ठेवतो.”

“नासका आन् आंबलेला यातला फरक घोडीला कळतो,” बाबा म्हणत. “तुम्हाला कळंल हळूहळू.”

मी मात्र त्यांच्याशी एक शब्द बोलत नसे. नुसत्या त्यांच्याशीच नव्हे, कुठल्याच गिऱ्हाइकाशी. माप भरायचे, पदर पुढे ओढायचा, मान हलवायची. बाबांनी कधी टोकले नाही. “सूनबाई आन् घोडी, दोघींचं सारखं,” एवढेच म्हणाले. “बोलत न्हाईत, पर माप चुकत न्हाईत.”

मासे धरणे हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हता, नुसता नाद होता. धरलेला मासा ते पुन्हा सोडून देत. नदीवरचे भोई त्यांना वेडे समजत. पण त्यांचा सरंजाम बघायला तेच भोई गोळा होत. कळकाची लांब काठी, शेंड्याला बारीक. दोर घोडीच्याच शेपटीच्या केसांचा, स्वतः वळलेला, हाताकडे जाड आणि टोकाकडे निमुळता. सुई तापवून वाकवलेला गळ. वजनाला बंदुकीच्या गोळीचा चपटा केलेला तुकडा. आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा पांढरा देठ. तो बुडाला की समजायचे.

भोई सांगत, “बाबा, घोड्याचा केस घ्या. घोडीच्या शेपटीला मूत लागतं, केस कच्चा होतो. मोठा मासा तोडून जाईल.”

हे खरेच होते. मोठा मासा प्रत्येक वेळी तोडून जाई. तो मोठा मासा म्हणजे वेशीखालच्या डोहातला जुना कानस, काळाभोर, खवले रुपयाएवढे. त्याला जागचा कुणी हलवू शकले नव्हते, म्हणून लोक त्याला पाटील म्हणत.

एका थंडीत पागेने म्हाताऱ्या घोड्यांची पाहणी केली. बारगीर स्वार असला तरी त्याची घोडी त्याची स्वतःची नसते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती सरदाराच्या पागेची. बाबांची घोडी निकामी ठरली, तिचा रोजचा दाणा बंद झाला आणि ती शिमग्यानंतरच्या बाजारात विकायची ठरली. म्हातारी घोडी बाजारात कोण घेतो आणि कशासाठी, हे बाबांना माहीत होते. ते पागेच्या कारकुनांना आमच्या भट्टीसमोरच गाठून बसले.

“अहो, मी तरी काय करू,” कारकून फुटाणे खात म्हणाले. “दात गेले, पाठ गेली. तिचं आता काय शाबूत आहे, सांगा. शेपूट?”

“शेपूट हाय,” बाबा म्हणाले. “तिच्या शेपटीनं पाटील धरून दावतो.”

आजूबाजूचे हसले. कारकुनांना गंमत वाटली.

“धरा की. शिमग्याच्या आत धरलात तर मरेपर्यंत तिला पागेचा दाणा. माझा शब्द. पण दोर तिच्याच शेपटीचा हवा. दुसऱ्या घोड्याचा एक केस दिसला तर शब्द संपला.”

शिमग्यापर्यंत घोडीला खायला काय, हा प्रश्न होताच. बाबांनी मामंजींकडे उधार हरभरा मागितला.

“जामीन कोण?” मामंजींनी विचारले.

“घोडी जामीन.”

“ती तर विकली जायची आहे.”

“म्हणून तर ती पळून जायची न्हाई,” बाबा म्हणाले. मामंजींना हसू आवरले नाही आणि उधारी सुरू झाली. मग रोज सकाळी बाबा येत, पिशवी पुढे करत आणि “घोडी जामीन” म्हणत. मी माप भरत असे, जरा शीग लावून.

पण पाटील फसेना. दाण्यात गळ खुपसला की तो दाणा तोंडात घेई आणि थुंकून टाकी. मग बाबांनी युक्ती केली. गळ मोकळा ठेवला आणि त्याच्याखाली घोडीच्या एका केसाने हरभरा लोंबता बांधला. मासा दाणा ओढून घेईल, मागून गळ आपोआप जाईल. बेत चांगला होता. तरी पाटील दाण्याला नाकाने ढकले आणि निघून जाई.

“दाणा जड पडतो त्याला,” बाबा मामंजींना सांगत होते. “लोखंडाच्या वजनानं तळाला रुतून बसतो. मोकळे टाकलेले दाणे कसे हलके हलतात. त्याला फरक कळतो.”

मी लाह्या चाळत होते. लाही पाण्यात टाकली की वर राहते, हे भट्टीवरच्या बाईला कुणी सांगावे लागत नाही. मी वाडग्यात पाणी घेतले. भिजल्या हरभऱ्याला ज्वारीची लाही दोऱ्याने बांधली, पाण्यात सोडली आणि वाडगा बाबांपुढे सरकवला. हरभरा ना बुडाला, ना वर आला. तळाच्या बोटभर वर तरंगत राहिला.

बाबा वाडग्याकडे बघत राहिले. मग वाडगा उचलून बाहेर घोडीकडे गेले. तिने हरभरा लाहीसकट खाल्ला.

“झालं,” ते म्हणाले. “तिनं होकार दिला.”

लाही भिजून मऊ होई, म्हणून ती सारखी बदलावी लागे. होळीच्या सकाळी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मी लाह्यांची टोपली नदीवर पोचवायला गेले आणि बायकांच्या धुण्याच्या दगडांमागे थांबले. कारकूनही आले होते, अर्थात गंमत बघायला. भोई, धोबी, निम्मी कुंभारवेस होती.

मोरपीस एकदम गडप झाले. काठी वाकली. बाबा ओढायला गेले असते तर दोर तुटलाच असता, आणि हे सगळ्यांना कळत होते. भोई ओरडले, “सोडा, बाबा, सैल सोडा.” पण दोर संपत आला होता. बाबांनी घोडीला हाक मारली आणि तिच्या उघड्या पाठीवर चढून बसले. त्या वयात कसे चढले ते त्यांनाही नंतर सांगता आले नाही. घोडी पाण्यात शिरली.

पाटील प्रवाहाच्या वरच्या अंगाला गेला की घोडी वर जाई, खाली आला की खाली. बाबा नुसता गुडघा दाबत आणि ती वळे. तिच्या तरण्या दिवसांतल्या सगळ्या मोहिमा तिला आठवल्या असाव्यात. पाणी पोटाला लागले, मग छातीला.

“बाबा, कुठवर निघाला?” कुणीतरी काठावरून विचारले.

“पाटील नेईल तिथवर,” बाबा म्हणाले.

दोराला ताण बसलाच नाही, मग तो तुटणार कसा? शेवटी मासाच दमला. घोडी आपण होऊन वळली आणि सावकाश वाळूकडे चालू लागली. तिच्यामागे पाटील, दावणीच्या जनावरासारखा. वाळूवर तो आडवा झाला तेव्हा बायका दगडांमागून पुढे आल्या. मीही आले, आणि पदर खांद्यावर गेल्याचे मला घरी आल्यावर कळले.

कारकून वाकून दोर बघू लागले. केस एकाच रंगाचे, तिच्याच शेपटीचे. तरी पुण्याचे कारकून ते.

“मासा घोडीनं धरला,” ते म्हणाले. “तुम्ही नव्हे.”

“मग तर झालंच,” बाबा म्हणाले. “दाणा तिलाच द्यायचा हाय.”

एवढे हसणे मी त्या नदीवर पुन्हा ऐकले नाही. कारकूनही हसले आणि त्यांनी शब्द पाळला.

पाटलाचे कालवण किती घरांना पुरेल याचा हिशेब भोई करत होते. बाबांनी हात ओले केले, गळ काढला आणि त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरले. “पाटलाला गावातनं उठवू नये,” म्हणाले आणि हात सैल केले.

त्यानंतर पेठांतले शौकीन घोडीच्या शेपटीचा दोर मागत येऊ लागले. ज्यांना आदल्या महिन्यात तो कच्चा वाटत होता तेही. बाबा दोर वळत, विकत आणि आमची उधारी थोडी थोडी फेडत. घोडीची शेपूट दिवसेंदिवस विरळ होत गेली. मामंजी म्हणत, “आमचे पैसे फिटेपर्यंत तिला शेपूट पुरली म्हणजे मिळवली.”

ती पुरली. पागेचा दाणा खाऊन घोडी आणखी तीन पावसाळे जगली आणि एका सकाळी उठली नाही.

काही दिवसांनी बाबा पायी आले. त्यांच्यामागे घोडी नाही हे बघायची सवय मला नव्हती. गावी, भावाकडे, कायमचे निघाले होते. काठी बरोबर नव्हती, ती भोयांना दिली म्हणाले. त्यांनी उरलेले पैसे फळीवर मांडले. मामंजींनी मोजले आणि सगळे फिटले म्हणून सांगितले.

मी मूठभर फुटाणे घेऊन त्यांच्या पिशवीत घातले. त्यांनी कनवटीला हात घातला.

“राहू द्या, बाबा,” मी म्हणाले. “पैसे नकोत.”

मामंजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. बाबांनीही पाहिले. मग ते हसले आणि एक ढब्बू पैसा त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

“नको, सूनबाई,” म्हणाले. “आता जामीन कुठं हाय?”