बहिणीने आणलेले लाडू

मी भातसानगरच्या कॉलनीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. चार लोकांत बोलायचं म्हटलं की आजही मी मागे सरते. डोळखांबकडच्या पाड्यांवर आरोग्याच्या अभ्यासाचं काम मिळालं, तेव्हा मुलांची वजनं घ्यायचं काम मी मागूनच घेतलं. काट्यापाशी फार बोलावं लागत नाही.

शेंगदाणे घातलेल्या नाचणीच्या लाडवाने लहान मुलांचं वजन खरंच वाढतं का, एवढंच बघायचं होतं. काही पाड्यांना लाडू मिळणार, काहींना फक्त महिन्याला वजन आणि डॉक्टरांची तपासणी. कोणाला काय, ते सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून ठरलं. एका म्हातारीने पातेल्यात हात घातला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "सरपंचबी असाच काढा गो, भांडणं तरी नाय व्हायची."

ज्या पाड्याला लाडू आला नाही, तिथल्या एका बाईचं पोर फार बारीक होतं. तपासणीसाठी ती त्याला न चुकता आणायची. एकदा मी त्याला काट्याच्या झोळीत घालत होते, तर तिने माझा हात धरला. तिची बहीण लाडवाच्या पाड्यात दिलेली. ती भेटायला आली होती, आणि बहिणीकडे रिकाम्या हाताने कोण जातं? स्वतःच्या मुलाचे लाडू तिने पदरात बांधून आणले होते.

"परत कसं करू, ताई? खाल्लं त्यानं. आता तुमी त्याचं नाव काढाल?"

नाव गेलं तर तपासणीही जाणार, हेच डोक्यात. पलीकडे बसलेल्या आमच्या डॉक्टरबाईंना जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव कशाला काढायचं? लाडू खाल्ल्याची नोंद कर. पण चिठ्ठीने त्याचा पाडा बिनलाडवाचा ठरला, तर तो शेवटपर्यंत त्यातच धरायचा. उद्या गावोगाव लाडू दिले तरी बहिणी ते वाटून खाणारच ना? मग हिशेब त्यासकटच करायचा."

हा नियम मी पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. कुणीतरी, कुठेतरी लांब बसून, ही बाई कधीही न पाहता तो केला होता, आणि त्यात तिच्या बहिणीच्या पदरालाही जागा होती.

नाव राहील, तपासणीही राहील, एवढं त्या आईला सांगितलं. वजनात यायला नको म्हणून तिने पोराच्या हातातलं कडं काढलं, त्याला झोळीत ठेवलं. तो पाय झाडत होता. काटा स्थिर व्हायची आम्ही दोघी वाट बघत राहिलो.