स्वतःचीच आत्या

लुत्वामाच्या घरात नंबोझेला नंबोझे म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. थोरली आत्या वारली तेव्हा ही ऐन विशीतली पोर. दिवसकार्याला कुळाने तिला पुढे बसवलं, खांद्यावर झाडाच्या सालीचं तांबूस वस्त्र बांधलं आणि आत्याची वारस केलं. आम्हा बुगांडातल्या माणसांत वारसाच्या अंगावर मेलेल्याचं नातंही चढतं. तेव्हापासून ती सगळ्यांची आत्या झाली. सख्खा थोरला भाऊ लुत्वामासुद्धा तिला आत्याच म्हणू लागला.

आत्यावाचून आमच्याकडे मुलीचं लग्न होत नाही. पोरगा आधी आत्याचा उंबरा झिजवतो, आणि सोयरिकीच्या दिवशी भर मांडवात मुलीच्या वतीने आत्याच बोलते. त्यात लुत्वामाची बायको लहान लहान मुली मागे ठेवून गेली. त्या मुली नंबोझेने वाढवल्या, शिकवल्या, एकेक करून उजवल्या. दर लग्नात ती मांडवात गुडघे टेकून बोलायची, आणि लोक म्हणायचे, आत्या असावी तर अशी.

तिलाही मागणी घालणारा एकजण होता. मुगेर्वा, नाक्यावर सायकली दुरुस्त करायचा. नवऱ्या मुलाने मुलीच्या भावाला कोंबडा द्यायचा असतो, म्हणून एक तुरेबाज कोंबडा सायकलला बांधून तो आला होता. लुत्वामाने त्याला बसवलं, केळी खाऊ घातली आणि मग म्हणाला, "कोंबडा झकास आहे रे. पण हिच्याकडून बोलणार कोण? हिची आत्या मेली, आणि तिच्या जागी ही. आता ही स्वतःच स्वतःची सोयरीक जुळवणार होय?"

ओसरीवरची माणसं पोट धरून हसली. आत चुलीपाशी केळी सोलत बसलेल्या नंबोझेलाही ते खरंच वाटलं. तिची आत्या तीच होती, मग तिच्यासाठी तोंड उघडणार कोण? मुगेर्वा कोंबडा घेऊन परत गेला. दोन वर्षं वाट बघून त्याने दुसरीकडे लग्न केलं.

नंबोझे अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तेव्हा मुगेर्वा वारला. माती द्यायला सगळं गाव गेलं, तीही गेली. बायकांच्या घोळक्यात अगदी मागे बसली. पुढे त्याची बायको धाय मोकलून रडत होती. नंबोझेला मोठ्याने रडायचाही हक्क नव्हता, कारण ती त्याची कुणीच नव्हती. तिथेच चटईवर तिने ठरवलं, आता बस्स. उरलेली वर्षं तरी आपली जगायची. नाक्यावर एक खोली घ्यायची, शिवणयंत्र टाकायचं, आणि दारावर स्वतःचं नाव लिहायचं.

पण वारसा असा टाकून जाता येतो का? ते विचारायला ती शेजारच्या गावी कुळातल्या म्हाताऱ्या नालुबेगाकडे गेली. म्हातारीने पाहुण्याला चावायला देतात त्या कॉफीच्या वाळल्या बिया तिच्या ओंजळीत घातल्या, दोन स्वतःच्या तोंडात टाकल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"खोली घे, यंत्र टाक, तुला अडवणारा कोण? लग्नाला यायचं, बोलायचं नि घरी जायचं. आत्याचं काम तेवढंच. पण काय गं, लग्न का नाही केलंस?"

"माझ्याकडून बोलणारं कोण होतं?"

म्हातारी चावता चावता थांबली. "म्हणजे? आत्या नसली तर कुळातली कुठलीही बाई बोलते. मी नव्हते? अगं, त्या सायकलवाल्याचं कानावर आलं तेव्हा मी नेसायचं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. बोलावणंच आलं नाही. म्हटलं, पोरीच्याच मनात नसेल. तुला हे सांगितलं तरी कुणी?"

बिया ओंजळीतच राहिल्या.

घरी आली तेव्हा लुत्वामा ओसरीवर बसला होता. "आलीस, आत्या? चूल थंड पडलीय."

"नालुबेगा माझ्याकडून बोलली असती तर?"

तो हसला. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!"

"तुला ठाऊक होतं."

त्याचं हसू मावळलं. "पोरी लहान होत्या गं," तो म्हणाला. "त्यांची आई गेलेली. तू गेली असतीस तर मी काय केलं असतं? वाटलं, एकदोन वर्षं जाऊ देत. मग तो लग्न करून मोकळा झाला."

"मला विचारलं असतंस तर मी आपणहून थांबले असते," नंबोझे म्हणाली. "दोन वर्षं काय, चार थांबले असते. तोही थांबला असता." मग तिला रडू फुटलं, मातीच्या वेळी आवरलेलं सगळं. "माझ्या लग्नाचा कोंबडा तू खाल्ला नाहीस, लुत्वामा. मलाच खाल्लंस."

सकाळी तिने गाठोडं बांधलं. सालीचं वस्त्र घडी घालून त्याच्यावर ठेवलं. कुळातल्या पुढच्या पोरींच्या लग्नात बोलायला ती येणारच होती, त्यांचा काय दोष? लुत्वामा अंगणापर्यंत मागे आला. त्याचे डोळे सुजले होते.

"एकदा माझं नाव घे," ती म्हणाली. "मग जाते."

लुत्वामाने मान हलवली, तोंड उघडलं.

"आत्या..." तो म्हणाला, आणि तिथेच थांबला.

नंबोझेने थोडी वाट पाहिली. मग गाठोडं डोक्यावर घेतलं आणि नाक्याच्या वाटेला लागली.