जीपला मोठी बॅटरी
एक जून. पावसाआधी जीपच्या बॅटरीवरची पांढरी पूड गरम पाण्याने धुताना त्या दिवसाचा तोच आंबूस वास आला. नवरा गेला तेव्हा दशक्रियेच्या आदल्या दिवशी मेकॅनिक दारात आला, नवऱ्याने सांगून ठेवलेली मोठी बॅटरी घेऊन. तिकोणा पेठेकडे चिखलात रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्या जीपच्या पुढच्या विंचच्या दोराने ओढून काढायच्या, हा आमचा पावसाळ्यातला धंदा. पण ओढताना जुनी बॅटरी मान टाकायची. दीर म्हणाले, “वहिनी, इकून टाकू जीप. चालवणार कोण? तुमी तर स्कूटीबी पाय टेकवत चालवता.” मेकॅनिक म्हणाला, “सुतकात नवी वस्तू बसवत न्हाईत, ताई. नारळबी फोडता यायचा न्हाई.” “नारळ राहू दे, बॅटरी बसवा,” मी म्हटलं. जुनी बॅटरी काढली तसा आंबूस वास सुटला. मोठी बॅटरी मावेना, म्हणून त्याने खालचा पत्रा कापला, जाड वायरी जोडल्या. चावी मी फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. मला रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दशक्रियेचं सामान मागे ठेवलं, दिरांना शेजारी बसवलं आणि पवना नदीच्या घाटापर्यंत जीप चालवत नेली.