भरारी पथक खाटेखाली

मी आजवर पकडलेल्या कॉपीबहाद्दरांमध्ये सर्वांत लहान माझी स्वतःची मुलगी होती. ती तेव्हा चौथीत होती, आणि मी खाटेखाली होतो.

आधी माझी ओळख करून देतो. मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पण अकोला-अमरावतीत लोक मला ओळखतात ते बारावीच्या भरारी पथकातला माणूस म्हणून. मोज्यातली चिठ्ठी मला दारातूनच कळते. पातूरकडच्या एका केंद्रावर तर माझी जीप दिसली की पोरं आपणहून खिसे उलटे करायची. (जीप रस्ता चुकून तिकडे गेलेली असली तरी!) घरी कुकरची शिट्टी रोजच्यापेक्षा लवकर झाली तरी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारतो, "काहून?"

तर एक दिवस आमच्या मिनूच्या वहीत तिच्या वर्गशिक्षिकेचं पत्र आलं. 'मिनू हुशार आहे, पण तिला वाचता येत नाही. कृपया येऊन भेटावे.'

मी लगेच ताडलं. बायकोला म्हटलं, "पाह्य शोभा, या बाईनं राजापेठेत क्लास काढला असन. पोरं जमवून राहिली ती."

"अहो, एकदा पोरीकडून वाचून तर घ्या! उगाच कोणावरही आळ घेता."

मी मिनूला मराठीचं पुस्तक दिलं. पोरीनं अख्खा पाठ घडाघडा वाचला! स्वल्पविरामाला थांबली, उद्गारचिन्हाला भुवया वर केल्या. झालं! दुसऱ्या दिवशी पोरगी आणि पुस्तक दोन्ही घेऊन मी शाळेत हजर.

"वाच मिनू." मिनूनं वाचलं. मी बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं की बारावीचा पोरगा असता तर रडला असता. बाई मात्र शांत. त्यांनी पानं उलटून शेवटचा पाठ काढला. "आता हा वाच, बेटा."

मिनूनं पानाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कान लालबुंद. "बाई, हा शिकवला नाही ना अजून."

"म्हणूनच म्हणते, वाच."

एक अक्षर निघेना. आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आधीचा पाठ वाचताना पोरीनं दोन ओळी शिल्लक असतानाच पान उलटलं होतं! म्हणजे पाठ डोळ्यांतून येतच नव्हता. बाई सांगत होत्या, "सर, हा आळस नाही हो. काही मुलांचं डोकं चांगलं चालतं, फक्त वाचणं-लिहिणं अडतं. आपण तिची तपासणी करून घेऊ." मी नुसती मान हलवत होतो. मनात एकच प्रश्न होता: साथीदार कोण?

घरी येताच मी दप्तराची झडती घेतली. कंपास झाला, पट्टीची मागची बाजू झाली, पुस्तकांची कव्हरं झाली. सापडलं काय? एक खोडरबर, चिंचेचं अर्धं बुटुक आणि मोराचं पीस. पीस मी उजेडात धरून दोन्हीकडून पाहिलं.

"लाज वाटत नाही? पोटच्या पोरीची झडती घेऊन राहिले!" शोभा कडाडली.

"प्रक्रिया हाय ती!"

मग पाळत ठेवली. मिनू रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन गच्चीवर खेळायला जायची. आता मला सांगा, पुस्तक घेऊन कोणतं लेकरू खेळायला जातं? तिसऱ्या दिवशी मी पाच वाजताच गच्चीवर पोचलो. लपायला जागा एकच होती. शोभानं मुगवड्या वाळत घातलेली खाट. तिच्यावरचं धोतर चारी बाजूंनी खाली लोंबत होतं. मी कसाबसा पोट आत ओढून खाली शिरलो. शेजारच्या शमीमचाचींच्या लाल मिरच्या डोक्यापासून हातभर अंतरावर वाळत पडल्या होत्या. तिकडे माझं लक्ष गेलं नाही, आणि तिथंच पथक फसलं.

मिनू आली. बरोबर चाचींची आलिया, पाचवीतली.

"आलिया, उद्याचा पाठ वाच ना व. एकदाच."

आलियानं वाचला. मिनू डोळे मिटून बसलेली. मग मिनूनं तो पाठ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. एकदा ऐकून! कुठं अडखळणं नाही, काही नाही. (मी वीस वर्षं तीच ती सूत्रं शिकवतो, तरी फळ्यावर लिहिताना हातातल्या चिठ्ठीत पाहतो.)

"तू तुह्या बाबाले काहून नाही सांगत?" आलियानं विचारलं. "ते तर सर हायेत."

"नाही बाप्पा! मी किती पाह्यते पुस्तकात, तरी मले समजतच नाही काय लिहिलं हाय ते. बाबाले समजलं तर ते मले पकडतीन. ज्याले पकडतात त्याले ते उठवूनच देतात."

 वाटलं, अस्संच बाहेर जावं आणि पोरीला उचलून घ्यावं. पण नेमका तेव्हाच मिरचीनं डाव साधला. पहिल्या शिंकेनं खाट उचलली. दुसऱ्या शिंकेनं उलटली! वड्या गच्चीभर उधळल्या आणि डोक्यावर धोतर घेतलेला मी मधोमध उभा.

"चोर! चोर!" चाची झाडू घेऊन जिन्यातून धावत आल्या. दोन झाडू बसल्यावर धोतर सरकलं. "या अल्ला! सर, तुमी? खाटेखाली काय करून राहिले होते?"

तोवर निम्मी गल्ली गच्चीवर जमलेली. मी म्हणालो, "वड्या वाळल्या का ते पाहत होतो."

"खालून?"

सगळे खो-खो हसले. मिनू नाही हसली. तिनं पुस्तक खाली ठेवलं आणि मुकाट्यानं फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे केले. पातूरच्या पोरांसारखे. मेलो मी तिथं! झाडूचं काहीच लागलं नव्हतं, पण ते दोन रिकामे खिसे अजून लागतात.

तपासणीला आम्ही अकोल्याला गेलो. का? तर अमरावतीत कोणी पाहू नये म्हणून! (अकोल्यात मला सगळे ओळखतात, हे मी सोयीस्कर विसरलो होतो.) दवाखान्याच्या दारावरचा शिपाई माझ्याकडे टक लावून पाहत होता.

"सर, ओळखलं का? तुमी मले बारावीत पकडलं होतं."

मी फाइल छातीशी घट्ट धरली. आता हा आमचे कागद गायब करणार!

"मी कॉपी नव्हतो करत, सर. मागच्याले विचारून राहिलो होतो, प्रश्नात काय लिहिलं हाय म्हणून. मले धड वाचताच येत नव्हतं ना."

छातीशी धरलेली फाइल मी हळूच खाली घेतली. तो मिनूसाठी पाण्याचा पेला घेऊन आला. "बरं झालं, वेळेवर आणलं पोरीले. मले कोणी आणलंच नाही." त्याचं नाव मी त्या दिवशी विचारलं. पकडलं तेव्हा फक्त बैठक क्रमांक लिहून घेतला होता.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "डिस्लेक्सिया आहे. बुद्धी उत्तम आहे, फक्त वाचन वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल. तोवर तिला धडे वाचून दाखवा. परीक्षेत जादा वेळ मागा, लेखनिक मागा."

"मॅडम, प्रश्न दुसरा वाचणार, उत्तर दुसरा लिहिणार, वरून वेळ जास्त? आमी याले कॉपी म्हणतो!"

"उत्तर कोण सांगणार, सर?"

"...मिनू."

"मग कॉपी कोणाची?"

पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळी गच्चीवर मी वाचतो आणि मिनू ऐकते. आलियाला बढती मिळाली, ती आता माझ्यावर देखरेख करते. वाचून झालं की मिनू मला प्रश्न विचारते. माझी उत्तरं ऐकून दोघी एकमेकींकडे पाहतात आणि मला पाठ पुन्हा वाचायला लावतात.

वार्षिक परीक्षेत मिनूला तिसरीतली एक मुलगी लेखनिक मिळाली. मी फक्त पोरीला सोडायला गेलो होतो, खरंच! पण संशय काही सुटेना. ती चिमुरडी मिनू सांगते तेच लिहिते ना? वर्गामागे जाऊन मी दोन विटांवर दोन विटा रचल्या आणि खिडकीतून डोकावलो. मिनू हातवारे करून भराभरा सांगत होती. ती हसत होती, परीक्षेत! मी अजून थोडा पुढं वाकलो.

"ओ काका! उतरा खाली!" शाळेच्या शिपायानं मागून बखोट धरलं. "पोरीले उत्तरं सांगून राहिले का?"

"अरे, मी भरारी पथकातला हाय!"

"सापडलं की सारे असंच म्हणतात!"

बखोट धरूनच त्यानं मला वर्गाच्या दारात, परीक्षेवर आलेल्या दुसऱ्याच बाईंसमोर उभं केलं. साऱ्या वर्गानं माना वळवल्या. मी, का कोण जाणे, दोन्ही हात खिशांकडे नेले.

तेवढ्यात मिनू उठून उभी राहिली. "बाई, सोडा ना त्याईले. माहे बाबा हायेत ते. ते उत्तरं सांगूच शकत नाहीत. त्याईले चौथीचं काहीच येत नाही!"

एवढी भक्कम साक्ष मिळाल्यावर बाईंनी मला निर्दोष सोडून दिलं.