एका ओळीत न होणारं काम

पडदा वर जातो. रहिमतपूर, सकाळचे दहा, माझी ओसरी. उजवीकडे हार्मोनियमचं रिकामं खोकं, त्यावर लॅपटॉप आणि समोर मांडी घालून बसलेली राजेश्वरी. तिच्या खोलीखाली पिठाची गिरणी आहे, म्हणून फोनवर बोलायचं असलं की ती माझ्याकडे येते.

आटपाडीकडच्या मेंढपाळाची ही मुलगी. सांगलीला डिप्लोमा केला, आता शिरवळच्या एका कारखान्यात प्रोबेशनवर आहे, पण काम इथूनच लॅपटॉपवर करते. जुन्या यंत्रांच्या प्रोग्रॅममधले तुकडे वेगळे काढून नव्या यंत्रांना द्यायचे, हे तिचं काम. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या एका ओळीत होईल, असं तिनंच साहेबांना सांगून ठेवलेलं.

"म्हणजे काय गं?"

"नमुना सांगायचा, नाना. महिरपी कंस उघडला तिथनं मिटला तिथवर उचल. पण तुकड्याच्या पोटात आणि तुकडे हायत. ही ओळ पहिला मिटलेला कंस दिसला की थांबती. त्यो आतल्याचा असतोय."

माझी चाळीस वर्षं रंगभूमीवर गेली. म्हटलं, "म्हणजे आमच्या नाटकातल्या दरबारात आणखी एक नाटक चाललंय, ते आतलं नाटक संपलं आणि पडदेवाल्यानं आमचाच पडदा पाडला."

"व्हय. आन् शेवटच्या कंसापातूर जा म्हटलं, तर पुढचा खेळबी गिळती."

"मग उपाय?"

"मोजाय लागतंय. उघडला की एक वाढवायचा, मिटला की एक कमी. शून्य झालं की पडदा. त्याला नीट प्रोग्रॅम लिवाय पायजे."

हसत बोलली, पण हात मांडीखाली दाबून धरलेले. कापलेल्या एका तुकड्यातून यंत्र थांबवायची आज्ञाच बाहेर राहिली होती, हे तिला आज सकाळी दिसलं. तिनं आधीच दिलेली त्या तुकड्यांची फाइल साहेब दुपारी नव्या यंत्रांना पाठवणार. सांगावं तर नोकरी पक्की होईल का, हा घोर. गप्प बसावं तर एखाद्या कामगाराचा हात जायचा.

"तालीम करू," मी म्हटलं आणि साहेब झालो. भुवया चढवल्या. "कन्ये, दिलेला शब्द मोडतेस?"

"आवं नाना, आमचं सायेब प्यांट घालत्यात. मुकुट न्हाई."

मग मी साध्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, "सर, थोडी अडचण आहे."

"कुणाची? पहिलंच वाक्य शेवटच्या रांगेला कळलं पाहिजे."

तिसऱ्या वेळी तिनं मला थांबवलं आणि फोन लावला. पलीकडून आवाज आला तशी पाठ ताठ केली.

"सर, मी चुकीचं सांगितलं होतं. हे एका ओळीत होत नाही. फाइल पाठवू नका, मला उद्यापर्यंत वेळ द्या."